थंडी सरताना गावाकडं जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी संक्रांत झाली की हे प्रश्न सुरू होतात, कुणी ऑफिसात विचारतं, कुणी नात्यातलं फोन करून विचारतं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, जास्त करून पुणे, सातारा, नाशिक, कोकण आणि थोडं विदर्भ-खानदेश.

नेमकं कधी जायचं, फेब्रुवारीत की मार्चमध्ये?

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य, एवढाच काय तो काळ, आणि त्यातही एका वेळी सगळं मिळत नाही हे आधीच सांगतो. हुरडा खायचा असेल तर जानेवारीतच निघा, पळस-पांगारा बघायचा असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे, मोह आणि कोशिंबाची लाल पालवी बघायची तर मार्च उजाडावा लागतो. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सगळ्यात भारी. पहाटे अजून स्वेटर लागतो, नऊ-दहाला तो काढून कमरेला बांधायचा, दुपारी सावली शोधायची आणि संध्याकाळी परत गार वारं सुटतं, एका दिवसात दोन ऋतू मिळतात.

पण वसंत तर चैत्रात सुरू होतो ना?

पंचांगाप्रमाणे हो. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, आणि चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. पण वसंत पंचमी माघातच येते हेही पंचांगातच आहे, आणि अधिक महिन्यामुळे होळी कधी मार्चच्या सुरवातीला तर कधी पार शेवटी येते, झाडं काही त्याप्रमाणे थांबत नाहीत. आमच्याकडच्या झाडांपैकी बरीच पानगळ चालू असतानाच फुलतात, म्हणजे शिशिर आणि वसंत एकाच फांदीवर दिसतो. म्हणून तारीख बघून ठरवू नका, गावात कुणाला तरी फोन करा आणि विचारा की सावर फुलली का. फुलली म्हणाले की पुढच्या शनिवारी बॅग भरा.

सगळं सुकलेलं असतं, डोंगर पिवळे पडलेले असतात, बघायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यावर मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडे निसर्ग म्हणजे पावसाळा असं डोक्यात पक्कं बसलंय, धबधबा, धुकं, हिरवं, आणि दिवाळीनंतर जे काही आहे ते उजाड. पण पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं त्यामुळे एकही झाड वेगळं दिसत नाही. गवत वाळलं, पानं गळली की डोंगराची ठेवण दिसायला लागते, कुठली सोंड कुठं उतरते, कुठल्या ओढ्याला अजून पाणी आहे, कुठल्या फांदीवर शिक्र्यानं घरटं बांधलंय. आणि त्या पिवळ्या उतारावर एखादाच पांगारा फुललेला असतो तो दोन किलोमीटरवरून दिसतो.

झाडं पानं टाकून फुलतात त्यालाही कारण आहे. पुढे कडक उन्हाळा, पाणी कमी, पानं ठेवली तर त्यातून पाणी उडून जाणार म्हणून पानं सोडायची. आणि या झाडांची फुलं मोठी, लाल-केशरी, भरपूर मधाची असतात कारण त्यांचं परागीभवन मुख्यतः पक्षी करतात. पानांचा आडोसा नसला की पक्ष्यांना ती लांबून दिसतात. फुललेल्या सावरीखाली सकाळी सात ते नऊ नुसतं बसून राहा, बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, हळद्या, टोई पोपट, खारी, सगळ्यांची ये-जा चालू असते, भांडणं होतात, आणि मधेच एखादं फूल टप्पकन खाली पडतं. ते हातात घेऊन बघा. जाडजूड मांसल पाकळ्या, आतल्या बाजूनं चकचकीत, मधोमध केसरांचा भरगच्च गुच्छ, आणि उचलल्यावर जाणवेल इतकं वजन. पडलेली फुलं वाया जात नाहीत, जंगलात भेकर आणि चितळ ती खायला झाडाखाली येतात.

पळस, पांगारा आणि सावर, तिन्ही लांबून सारखेच लाल दिसतात. ओळखायचे कसे?

पळस केशरी, बाकीचे दोन लाल. पळसाचं खोड वाकडंतिकडं, काटे नाहीत, झाड बेताचं, फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं आणि फुलाच्या बुडाशी काळपट मखमली टोपी असते. पानं तीन-तीनच्या जोडीनं येतात, ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण आहे त्यामुळे हे कुणाला सांगावं लागत नाही.

पांगाऱ्याच्या खोडावर आणि फांद्यांवर काटे असतात, फुलं गडद लाल, लांबट आणि फांदीच्या टोकाला घोसानं येतात. सावर, म्हणजे काटेसावर, उंच सरळ वाढते, फांद्या आडव्या, मजल्या-मजल्यानं निघालेल्या, फुलं मोठी, पाच पाकळ्यांची, बहुतेक लालच पण कधी कधी केशरी, पिवळट पण दिसतात. उन्हाळ्यात तिचीच बोंडं फुटून कापूस उडतो.

यांच्या जोडीला शिवणीची पिवळी-तपकिरी फुलं बघायला विसरू नका, ती लोकांच्या नजरेतून सुटते कारण खाली पडल्याशिवाय कळतच नाही. मार्चमध्ये लांबून अख्खं झाड लाल दिसलं आणि जवळ गेल्यावर फूल एकही नाही असं झालं तर तो बहुतेक कोशिंब, त्याची कोवळी पानंच लाल असतात. पिंपळाची पालवी पण तांबूस, उन्हाच्या विरुद्ध बाजूनं बघा.

रस्त्याच्या कडेला गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसली, हे आपलं चेरी ब्लॉसम का?

चेरीचा काही संबंध नाही. ते गिरिपुष्प, गावात त्याला उंदीरमारी म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, झपाट्यानं वाढतं, पाला खतासाठी चांगला म्हणून शेताच्या बांधावर आणि टेकड्यांवर खूप लावलं गेलं. दिसायला सुंदर आहे, फोटो काढा, पण मुळात आपल्या टेकडीवर त्याची दाट गर्दी झाली की खाली दुसरं फारसं काही येत नाही, आणि आपल्या पळस-सावरीवर जेवढी पाखरं असतात तेवढी त्याच्यावर दिसत नाहीत हे स्वतः उभं राहून ताडून बघा.

पुण्या-मुंबईहून एका दिवसात होईल असं कुठं जाऊ?

पुण्याहून मुळशी-ताम्हिणी हा सगळ्यात सोपा रस्ता, सावर-पांगारा दोन्ही गाडीतून दिसतात, फक्त वीकेंडला दहाच्या आत परत फिरा नाहीतर ट्रॅफिकमध्येच दिवस जातो. मला स्वतःला भोरच्या बाजूचं जास्त आवडतं, नीरा-देवघर धरणाच्या कडेनं जाणारा रस्ता, गर्दी कमी, गव्हाची शेतं पिवळी व्हायला लागलेली आणि पाण्यावर सकाळचं धुकं. जुन्नरकडं नाणेघाट, वाईला धोम धरणाचा परिसर, तिथून पुढे पाचगणी-महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी मार्चपर्यंत भरपूर असते आणि महाबळेश्वरच्या जंगलात अंजनीची निळी-जांभळी फुलं मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांना चिकटून येतात.

मुंबईकरांनी मुरबाड, शहापूर, जव्हार, कर्जतची आतली गावं बघावीत. लोणावळ्याला जायचं काही कारण नाही या दिवसात.

नागपूरकडच्या लोकांना मी काय सांगणार, त्यांच्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या रस्त्यांवर पळस इतका असतो की आम्ही इकडे एका झाडासाठी गाडी थांबवतो त्याचं त्यांना नवल वाटतं. खानदेशातून सातपुड्यात तोरणमाळकडं जाता येतं.

कास पठारावर जाऊ का?

फुलांसाठी नको. कासची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली, फेब्रुवारीत पठार कोरडं असतं.

हुरडा अजून मिळेल का?

जानेवारी संपेपर्यंत नक्की, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुठे कुठे उशिरा पेरलेली ज्वारी असेल तर. त्यानंतर दाणा कडक होतो आणि मग भाकरीचीच ज्वारी. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती अशा वेगळ्या जाती पेरतात, त्यांचा दाणा कोवळेपणी गोड आणि कणसातून चटकन सुटणारा असतो. जेवणाची प्रसिद्ध मालदांडी ती वेगळी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

हुरडा पार्टी म्हणून जे पॅकेज असतं त्यात मिसळ, डीजे, रेन डान्स वगैरे असेल तर तिकडं जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. खरा हुरडा म्हणजे शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी, त्यात कणसं खोचलेली, भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळून पाखडलेला दाणा, सोबत शेंगदाण्याची नाहीतर तिळाची चटणी, गूळ, दही. चोळणाऱ्याचे हात भाजतात, तो काम करतोय आणि आपण गोलात बसून खातोय, म्हणून थोडं आपणही चोळावं.

आणि हुरडा संपला म्हणून सगळं संपत नाही. फेब्रुवारीत गव्हाच्या ओंब्या भाजून खातात, हरभऱ्याचे डहाळे काट्याकुट्यांच्या जाळात टाकून हुळा करतात, तोंड-हात काळे होतात पण तो भाजका हिरवा दाणा खाल्लात तर हुरड्याची आठवण येणार नाही. कोल्हापूर-सांगली-सातारा भागात गुऱ्हाळं चालू असतात, रस, गरम काकवी, ताजा गूळ. मात्र रस उकळायच्या काहिलीजवळ लहान पोरांना अजिबात सोडू नका, उकळता रस अंगावर उडाला तर खोलवर भाजतं.

शेतातून फिरलं तर चालतं का? हरभऱ्याचे दोन घाटे तोडले तर कुणी काही म्हणतं का?

बांधावरून फिरा, पिकातून नाही. आणि विचारून फिरा. "काका, जरा बघू का शेत" एवढं म्हटलं की दहातले नऊ जण स्वतः फिरवून आणतात, डहाळे उपटून हातात देतात, वर चहा प्या म्हणून आग्रह. न विचारता तोडलं तर राग येणारच. एकाने दोन घाटे तोडले तर काही नाही पण रस्त्याकडेच्या शेतात रविवारी शंभर गाड्या थांबतात आणि प्रत्येकजण दोनच म्हणतो, त्या शेताची कड पार उघडी पडलेली मी बघितलीये. करडईच्या शेतात घुसायचा प्रश्न येत नाही, ती काटेच काटे, म्हणूनच पूर्वीपासून ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी लावतात, गुरं आत येत नाहीत.

हरभऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, पहाटे गेलात तर स्वतः करून बघा. दव असताना हरभऱ्याच्या पाल्यावरून हात फिरवा आणि बोट चाटा, आंबट लागतं. पानांवरच्या बारीक केसांतून आम्ल पाझरतं, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. हीच आंब. आमच्या गावात म्हाताऱ्या बायका रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरून ठेवायच्या, सकाळी दवानं भिजलेलं ते फडकं बाटलीत पिळून घ्यायच्या आणि वर्षभर कुणाचं पोट दुखलं की त्यातलं चमचाभर द्यायच्या. आता करणारी माणसं कमी झालीत. हरभऱ्यातून अनवाणी चाललं तर पाय चुरचुरतात तेही याच आंबेमुळं, तेव्हा बूट घाला.

मार्चमध्ये ज्वारी-गहू काढणी जोरात असते. तेव्हा माणसं कामात असतात, मजूर मिळत नाहीत, अवकाळीची भीती डोक्यावर असते, गारपीट झाली तर हातातोंडाशी आलेलं जातं. अशा वेळी खळ्यावर जाऊन रील काढू नका. मदत करायची असेल तर खरंच करा, पेंढ्या उचलून द्या, पाण्याची कळशी आणून द्या.

कोकणात या दिवसात काय असतं? आंबा मिळतो का?

हापूसच्या पहिल्या पेट्या फेब्रुवारीत बाजारात येतात पण भाव ऐकून गप्प बसावं लागतं, खरा आंबा एप्रिलमध्येच. पण फेब्रुवारीत मोहोर आणि कैऱ्या दोन्ही झाडावर असतात, सकाळी बागेतून चाललं तर मोहोराचा वास नाकात बसतो. बागायतदाराला मात्र तेव्हा झोप नसते, ढगाळ हवा आली की तुडतुडे (किडे) आणि भुरी (बुरशी), फवारणीचा खर्च वाढतो. फवारणी चालू असलेल्या बागेत जाऊ नका, पोरांना तर नाहीच.

मी कोकणात या दिवसात जातो ते ओल्या काजूसाठी. ओल्या काजूगरांची उसळ, भाकरी किंवा घावन, याच्यापुढे मला काही सुचत नाही. विकत घेताना महाग वाटतात पण त्या बिया फोडून, चीक सांभाळून, गर सोलून काढणाऱ्या बाईचे हात एकदा बघा, चिकानं कातडी सोलवटून निघते. फणसाची कुयरी पण याच दिवसात, तिची भाजी. करवंदीला पांढरी वासाची फुलं आलेली असतात, करवंदं एप्रिलच्या शेवटाला आणि मे महिन्यात.

शिमग्याला बाहेरच्या माणसानं गेलं तर चालतं का?

चालतं, पण पाहुण्यासारखं जा. कोकणातल्या अनेक गावांत शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीपासून सुरू होतो, पौर्णिमेला होम, मग ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा टाकून येतात. गणपतीइतकंच त्याचं महत्त्व. पालखी दारात आली की त्या घरातल्या माणसांना पुढे होऊ द्या, कॅमेरा मागे. होळीसाठी कुठे सुरमाड, कुठे पोफळ, कुठे आंबा, कुठे सावर, प्रत्येक गावाचे मान आणि रीती वेगळ्या आहेत, त्यावरून सल्ले देत बसू नका.

घाटावर वाईजवळ बावधनचं बगाड, म्हणजे तिथल्या ग्रामदेवतेची जत्रा, रंगपंचमीला असतं, तोबा गर्दी. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी, त्याआधी भरणारे भोंगऱ्या बाजार, ढोल-मांदळ, रात्रभर नाच, हे आयुष्यात एकदा बघावं. तिथं मात्र बायकांचे, मुलींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, लोकांना याचा खूप त्रास झालेला आहे.

पक्षी बघायला कुठं जाऊ?

खास पक्ष्यांसाठी असेल तर उजनीच्या पाण्यावर भिगवण, पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकादंब वगैरे मार्चपर्यंत असतात, पहाटे उजाडताना पोचा आणि गावातल्याच नावाड्याबरोबर जा, त्याला पक्षी लांबून नावानिशी माहीत असतात. त्याला जवळ ने जवळ ने म्हणून मागे लागू नका, थवा उठला की त्यांचं खाणं थांबतं. नाशिकजवळ नांदूरमध्यमेश्वर, रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं.

पण त्यासाठी लांब जायलाच हवं असं नाही. संध्याकाळी कुठल्याही रब्बीच्या गावात भोरड्यांचे थवे बघा, हजारोंनी येतात, आभाळात वळतात, एकदम काळे, एकदम विरळ, आणि ऊस नाहीतर बाभळीत उतरून अंधार पडेस्तोवर कलकलाट. मध्य आशियाकडून आलेले हे पाहुणे एप्रिलपर्यंत परत जातात. तांबटाचं टुक-टुक फेब्रुवारीत वाढतं, आणि कोकिळेचा पहिला आवाज ऐकला की समजायचं थंडी गेली.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन जायचंय, जमेल का?

उलट त्यांनाच घेऊन जा. गड वगैरे ठेवू नका, एकच गाव धरा आणि दोन रात्री राहा. आजी-आजोबांना शेतातली नावं माहीत असतात, ती मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकावीत, बुचाड, खळं, मोट, आगटी, पाभर, हे शब्द बघत बघत कळले की कायमचे राहतात. माझ्या भाचीनं गव्हाची ओंबी पहिल्यांदा हातात धरली तेव्हा तिनं विचारलं पोळी यातून येते का, आणि मग मावशीनं तिला ओंबी चोळून, दाणे जात्यावर भरडून दाखवले, ती पोरगी तासभर जागची हलली नाही. दुपारी बारा ते चार सगळ्यांना घरात नाहीतर झाडाखाली ठेवा. रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपवा, पण पांघरूण जाड घ्या, पहाटे तीननंतर गारवा बोचतो आणि तेव्हाच म्हाताऱ्या माणसांना खोकला धरतो.

ओळखीचं गाव नाही, राहायचं कुठं?

राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यानंतर नोंदणी असलेली बरीच कृषी पर्यटन केंद्रं झालीत. बुक करायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: शेती खरंच कसता का, आत्ता शेतात काय उभं आहे, आणि जेवण घरचं आहे का. ज्वारी आहे, हरभरा काढायला आलाय असं उत्तर पटकन आलं तर जा. स्विमिंग पूलपासून सुरवात केली तर दुसरं बघा.

काय घालायचं, काय न्यायचं?

फुल बाह्यांचे सुती कपडे, टोपी, बूट, एक स्वेटर. पाणी माणशी तीन लिटर, कारण गडांवरची टाकी मार्चपर्यंत आटतात किंवा त्यातलं पाणी पिण्यासारखं राहत नाही. अत्तर-परफ्यूम लावू नका, का ते खाली लिहिलंय.

साप, मधमाशा, बिबट्या, कशाची किती भीती बाळगायची?

माझ्या मते सगळ्यात जास्त आग्या मोहोळाची. गडांच्या कड्यांवर, बुरुजांवर, मोठ्या झाडांवर आग्याची पोळी असतात आणि दरवर्षी या दिवसात कुठे ना कुठे पर्यटकांवर हल्ला होतो. परफ्यूमचा वास, धूर, दगड, आरडाओरड, ड्रोन, यातलं काहीही त्यांना बिथरवतं. माशा उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड-डोळे झाका आणि पळा, गाडी किंवा बंद खोली गाठा. काटा नखानं खरवडून काढा. जास्त डंख झाले किंवा श्वास लागला तर १०८.

साप आपल्या वाटेला जात नाही, पण ऊन वाढलं की घोणस वगैरे बाहेर पडतात, कडब्याच्या गंजीत हात घालताना आणि रात्री अंगणात जाताना बॅटरी लावा. चावला तर बांधणं, चिरणं, मांत्रिक काही नको, माणसाला शांत झोपवून थेट सरकारी दवाखान्यात.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो हे तिथल्या माणसांना रोजचं आहे. ऊसतोड चालू असताना त्याची लपायची जागा जाते, बछडी सापडतात. अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं फिरू नका, पोरांना पुढे पळू देऊ नका, आणि बछडं दिसलं तर हात लावू नका, आई जवळपास असते, वनखात्याला कळवा.

खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसात वाळतात, झुडपात घुसताना मखमली तपकिरी शेंग दिसली तर लांबूनच. लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टीनं कुसं उचलून काढायची आणि कपडे बदलायचे. आणि दक्षिण सिंधुदुर्गात, गोव्यात सत्तरीकडं जाणार असाल तर माकडतापाचं लक्षात ठेवा. गोचिडीतून होतो, जानेवारी ते मे जोर. पाचोळ्यात बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला तिकडं गेलो होतो हे आवर्जून सांगा.

माळावर शेकोटी केली तर? आम्ही विझवूनच निघतो.

नको. कृपा करून नको. या दिवसात गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते, आणि वारं संध्याकाळी फिरतं. आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसांनी लावलेले किंवा माणसांच्या हलगर्जीपणानं लागलेले असतात. कुठे गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं अशी समजूत, कुठे मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा पेटवतात, कुठे नुसती बिडी. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे.

वणवा गेलेल्या टेकडीवर दुसऱ्या दिवशी चालून बघा, म्हणजे कळेल मी इतकं का सांगतोय. चंडोल, तित्तिर जमिनीवर घरटी करतात. सरडे, कासवं, सापसुरळ्या पळून पळून कुठं जाणार. गावातल्या पोरांनी पावसाळ्यात लावलेली रोपं, ज्यांना उन्हाळाभर हंड्यानं पाणी घालून जगवलेलं असतं, ती दहा मिनिटांत जातात. आणि पहिल्या पावसात ती उघडी माती खाली ओढ्यात.

शेकोटी हवीच असेल तर घराच्या अंगणात, मालकाला विचारून, बाजूला पाण्याची बादली ठेवून. वणवा दिसला तर वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६, आणि लगेच जवळच्या गावात सांगा. स्वतः विझवायला धावू नका, गावकरी हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात पण त्यांना वारं आणि उतार कळतो. उताराच्या वरच्या बाजूला तर कधीही थांबू नका, आग चढाला वेगानं येते.

पळसाच्या फुलांचा रंग घरी कसा करायचा?

झाडाखाली पडलेली फुलं गोळा करा, फांद्या ओरबाडू नका, वरच्या फुलांवर पाखरांचं पोट आहे. देठाकडचा काळा भाग काढून टाका, पाकळ्या एकदा पाण्यातून काढा म्हणजे मुंग्या आणि धूळ जाते. मोठ्या पातेल्यात पाकळ्या बुडतील त्याच्या दुप्पट पाणी घालून रात्रभर ठेवा, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळा, पाणी गडद केशरी दिसायला लागलं की उतरवा, गार झाल्यावर सुती कापडातून गाळा. ताजी फुलं नसतील तर सावलीत वाळवलेली पण चालतात, ती थोडी जास्त वेळ उकळायची. अंगावर घालताना पिवळा-केशरी रंग येतो, पातळ हवा असेल तर साधं पाणी वाढवा. पांढऱ्या कपड्यावर डाग राहतो म्हणून जुनेच कपडे घाला. गाळलेलं पाणी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वापरून टाका, त्यानंतर आंबून वास यायला लागतो.